राजापूरच्या बाजारातलं झेरॉक्सचं दुकान आणि न्यूयॉर्कची १८८६ची निवडणूक

दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही. एक तर चुकाही लिहिणार आहे, आणि दुसरं म्हणजे नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मला परत त्याच्याच पायरीवर उभं राहायचं आहे.

मी निवृत्त तलाठी. तेहतीस वर्षं सातबारे, फेरफार, वारस नोंदी यांत गेली. त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानाकडे माझी नजर जरा खाष्टच असते. सातबाऱ्याच्या झेरॉक्समध्ये खालची शिक्क्याची ओळ अर्ध्या बोटाने कापली गेली, तर नाट्याहून आलेल्या माणसाची एसटी, दिवस आणि मजुरी तिन्ही बुडतात. दुकानदाराला ते दोन रुपयांचं काम वाटतं. म्हणून कुठलंही दुकान मी आधी एका गोष्टीवर जोखतो : कागद काचेवर ठेवताना तो कडा बघतो की नाही. हा बघतो. चष्मा कपाळावर सरकवून, कागद हाताने सारखा करून, मगच झाकण टाकतो. पाचापैकी चार गुण इथेच दिले. उरलेला एक का कापला ते पुढे येईल.

काम असं होतं. मुलगी पुण्यात अर्थशास्त्रात एमए करते. जुलैत तिने फोनवर एक पीडीएफ पाठवली. म्हणाली, "बाबा, तुमच्या खात्याची गोष्ट आहे. जमिनीच्या प्रश्नावर लढलेली महापौराची निवडणूक." उघडून बघतो तर न्यूयॉर्क, १८८६. निवडणूक झाल्यावर दुसऱ्याच वर्षी छापलेला वृत्तांत, त्यात सभांची भाषणं, उमेदवारांची एकमेकांना पत्रं, शिवाय तिने कुठून कुठून गोळा केलेली टिपणं. एकूण २१२ पानं, इंग्रजी, बारीक टाइप. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोबाइलवर दोन पानांपुढे डोळा टिकत नाही. म्हटलं, कागदावर घेऊ.

दर सांगतो, कारण वाचणारे आधी तेच शोधतात. एका बाजूची काळी-पांढरी प्रत दोन रुपये, पाठपोट तीन. स्पायरल पन्नास. माझे १०६ कागद पाठपोट म्हणजे ३१८ आणि बाइंडिंग धरून ३६८. त्याने ३६० घेतले. मोबाइलवरून घ्यायला तयार होता, पण रेंज गेलेली, म्हणून रोख दिले. रंगीत प्रतीच्या वाटेला जाऊ नका; माझ्यासमोर एका मुलीचा फोटो निघाला तो कावीळ झाल्यासारखा होता.

मशीन जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन थरांवर ठेवलंय. अर्जुना नदीचं पाणी बाजारात शिरलं की खालचे सगळे पाय उचलतात. याने मशीनलाच वर बसवून टाकलंय. कागदाची रिमं लाकडी कपाटात, आणि कपाटात साठ वॉटचा पिवळा बल्ब दिवसरात्र चालू. मी विचारलं तर म्हणाला, कागद सादळतो, सादळलेला कागद मशीन गिळतं आणि परत देत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात पापडाच्या डब्याची जी काळजी घेतात, तीच हा कागदाची घेतो. तरीही सुरुवातीला दहा-बारा पानं अडकली, चुरगळली. ती त्याने टाकली नाहीत. सपाट केली, मधोमध फाडली आणि गल्ल्याजवळच्या खिळ्याला टोचून ठेवली. कोऱ्या बाजूवर हिशेब लिहायला.

मालक मूळचा देवगडकडचा. पानं बाहेर पडायला लागली तशी एक उचलून बघितली.

"तात्यानू, ह्या कोर्टाचा काम काय?"

"नाही रे. अमेरिकेतली निवडणूक. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची."

"आणि तुमी कित्याक छापतास?"

याचं उत्तर एका वाक्यात देता येईना. पण मशीनला पाऊण तास लागणार होता, बाहेर पाऊस धो धो, आणि पाखीखाली उभी असलेली तीन माणसंही ऐकायला मोकळी होती. मग गरम गरम पानं हातात घेत, वाचत, सांगत सुटलो.

उमेदवाराचं नाव हेन्री जॉर्ज. फिलाडेल्फियात १८३९ साली जन्मला. पोरवयात जहाजावर चढला आणि मेलबर्न करून कलकत्त्यापर्यंत येऊन गेला. म्हणजे हुगळी त्याने पाहिलेली. पुढे छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचं काम शिकला. सॅन फ्रान्सिस्कोत पोटापाण्यासाठी तेच केलं. १८७९ मध्ये त्याने 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हे जमिनीवरचं मोठं पुस्तक काढलं, तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या काही ओळींचे खिळे त्याने स्वतः जुळवले होते.

"आमच्या धंद्यातलोच मरे तो!" मालकाने लगेच खुर्ची पुढे ओढली. तोवर मी उभाच होतो. ही खुर्ची गिऱ्हाईकाला सहसा मिळत नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

आता त्या पुस्तकातला मुद्दा. मी तलाठ्याच्या भाषेत सांगतो, अर्थशास्त्रवाल्यांनी क्षमा करावी. समजा, एक वरकस जमीन आहे. कातळ, वर चार करवंदीच्या जाळ्या. चाळीस वर्षं तिथे कोणी कुदळ मारली नाही. मग जवळून हायवे चौपदरी होतो. रस्ता सरकारचा, म्हणजे तुमच्या-माझ्या करातला. पेट्रोल पंप दुसऱ्याचा, वर्दळ लोकांची. आणि गुंठ्याचा भाव दहा पटीने चढतो तो कोणासाठी? सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्यासाठी. त्याने काय केलं? काही नाही, धरून बसला. जॉर्ज म्हणतो, हा जो वाढावा आहे तो गावाने निर्माण केला, तर गावाने करातून घ्यावा. आणि त्या बदल्यात माणसाच्या मजुरीवर, घरावर, धंद्यावर कर ठेवू नये. एकच कर, फक्त जमिनीच्या मोलावर.

न्यूयॉर्कमध्ये हे लोकांना पटकन कळलं, कारण समोर दिसत होतं. अ‍ॅस्टरसारखी घराणी मॅनहॅटनच्या जमिनी धरून गब्बर झालेली, आणि मजूर उजेड नसलेल्या चाळींत खोलीखोलीत कोंबलेले. आमच्याकडे हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही. ज्याच्या आजाने खोताकडे मक्ता भरलाय, त्याला जॉर्ज दुसऱ्या पानावर कळतो. बाबासाहेबांनी खोती मोडायचं विधेयक १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात आणलं, तिकडे अलिबागजवळच्या चरी गावातल्या कुळांनी १९३३ पासून शेतंच ओसाड टाकली होती, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. खोत जमीन कसत नव्हता, धरून होता. जॉर्जचा सगळा राग त्या 'धरून' असण्यावर.

अर्थात, माझं त्याच्याशी पूर्ण जमलं नाही. जमिनीचं मोल ठरवणार कोण? एका सर्व्हे नंबरला चौदा वारस, त्यातले नऊ मुंबईत, दोन वारलेले, एकाचा पत्ता नाही, अशा पाच गुंठ्यांवर कर बसवून वसूल करून दाखव, मग बोल, असं मी त्या पानाच्या समासात पेन्सिलने लिहून ठेवलंय.

निवडणुकीकडे येतो. शहरातल्या कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाला त्या वर्षी राजकारणात उतरावंसं वाटलं, कारण एका मालकाविरुद्ध बहिष्कार पुकारला म्हणून काही कामगारांना थेट तुरुंगात धाडलं होतं. ते जॉर्जकडे गेले. हा राजकारणी नव्हेच, त्याने अट घातली : तीस हजार मतदारांच्या सह्या आणा, मग उभा राहतो. चौतीस हजारांच्या आसपास आणल्या. तेवढ्यात सत्ताधारी डेमोक्रॅटांकडून त्याला निरोप गेला, की महापौरपद सोड, तुला वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, पाठवतो. जॉर्जने पुढे स्वतःच हे सांगितलंय. त्याने विचारलं, मी निवडून येणारच नसेन तर मला थांबवायला एवढी धडपड कशाला? तर उत्तर मिळालं, तू येणार नाहीस, पण तुझ्या उभं राहण्याने धुमाकूळ होईल. मग तर मला उभं राहायलाच हवं, म्हणाला. हे वाचून पाखीखालचा एक गडी म्हणाला, "ह्ये आमच्या वाडीतलंच वाटतंय." ग्रामपंचायतीला अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनच्या आत कोणाकोणाला काय काय कबूल केलं जातं, ते तहसील कचेरीच्या व्हरांड्यात मी पुष्कळ ऐकलंय.

५ ऑक्टोबरला त्याने कूपर युनियनच्या सभागृहात उमेदवारी स्वीकारली, समोर त्या सह्यांचा ढीग. गंमत बघा, ही संस्था उभारली पीटर कूपरने, आणि जॉर्जच्या विरुद्ध डेमोक्रॅटांनी उभा केलेला अ‍ॅब्रॅम ह्युइट हा त्याच कूपरचा जावई. चौसष्ट वर्षांचा, लोखंडाचा कारखानदार, माणूस तसा प्रामाणिक म्हणून ओळखला जाणारा. त्याच्या पाठीशी टॅमनी हॉल, म्हणजे त्या शहरातली निवडणुकांची जुनी यंत्रणा. तिचा म्होरक्या जॉन केली जूनमध्ये वारला होता आणि रिचर्ड क्रोकर नवा आला होता. जॉर्जने ह्युइटला समोरासमोर वादाला बोलावलं. तो आला नाही. मग दोघांची उघड पत्रं वर्तमानपत्रांत. माझ्या मते पीडीएफचा सगळ्यात वाचनीय भाग हाच. ह्युइटचं म्हणणं, हा माणूस वर्गावर्गांत भांडण लावतोय. तिसरा उमेदवार रिपब्लिकन पक्षाचा, थिओडोर रूझवेल्ट; प्रचार चालू असतानाच त्याला अठ्ठाविसावं लागलं. हाच पुढे अमेरिकेचा अध्यक्ष. या निवडणुकीत मात्र त्याच्या पक्षाचेच लोक जॉर्जच्या धास्तीने ह्युइटकडे सरकत होते.

वर्तमानपत्रं जवळपास सगळी जॉर्जच्या विरोधात. तेव्हा समर्थकांनी प्रचारापुरतं स्वतःचं दैनिकच काढलं. मॅकग्लिन नावाचा एक कॅथलिक पाद्री वरिष्ठांची मनाई मोडून त्याच्या व्यासपीठावर गेला आणि पुढे बहिष्कृत झाला. २८ ऑक्टोबरला त्याच शहराच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं अनावरण, आणि ३० तारखेला रात्री भर पावसात हजारो कामगारांची जॉर्जसाठी मिरवणूक.

आणि आता तो भाग, ज्यासाठी हा सगळा मजकूर झेरॉक्सच्या दुकानाच्या परीक्षणात घालतोय. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्षच छापायचे! आपापल्या उमेदवारांची नावं छापलेल्या चिठ्ठ्या मतदान केंद्राबाहेर पक्षाची माणसं हातात कोंबायची, मतदार ती पेटीत टाकायचा. कोणाची चिठ्ठी घेतलीस ते अख्खा रस्ता बघायचा. ज्याचा माणूस केंद्राबाहेर उभा नाही, त्याची चिठ्ठी नाही, आणि चिठ्ठी नाही तर मत कशावर देणार? टॅमनीकडे कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं. जॉर्जचा पक्ष काही महिन्यांचाच होता. शिवाय एखादं नाव नको असेल तर त्यावर डकवायला गोंद लावलेल्या छापील पट्ट्या मिळायच्या, त्यांना पेस्टर म्हणत.

हे ऐकून मालक उठला, मागच्या फडताळातून गेल्या ग्रामपंचायतीच्या नमुना मतपत्रिकांचा गठ्ठा काढून आणला. गुलाबी कागद, एकच नाव ठळक, बाकीच्या रकान्यांत नुसत्या रेघा, खाली मुद्रकाचं नाव आणि प्रतींचा आकडा. म्हणाला, एकाच वॉर्डातले तिघंही त्याच्याकडेच छापायला आले होते. तिघांचे गठ्ठे तीन वेगळ्या कपाटांत, आणि एकाला दुसऱ्याचा आकडा सांगितला नाही. मग जरा थांबून :

"तेवा छापणारोच गप बसलो तर उमेदवार काय करतलो?"

एवढ्या मोठ्या फाइलीत मला जो मुद्दा धड मांडता आला नव्हता, तो त्याने टोनर हलवता हलवता मांडला. जॉर्ज स्वतः खिळे जुळवणारा होता, आणि सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका हवी असं १८७१ पासून लिहीत होता. ऑस्ट्रेलियात ती १८५६ मध्येच आली. न्यूयॉर्कला १८९० साल लागलं. त्याच्या निवडणुकीनंतर चार वर्षांनी.

"मगे तो निवडान इलो काय?"

म्हटलं थांब, आकडे वाचून दाखवतो. पानं चाळतो तर १२० नंतर थेट १२९. मधली आठ पानं नाहीत. नेमकी मतदानाचा दिवस आणि मोजणी. मशीनने चार कागद घेतलेच नव्हते, आणि काउंटरवरच्या मुलीने न मोजता स्पायरल मारून टाकलं होतं. एव्हाना वीजही गेली. इन्व्हर्टर आहे, पण मशीन त्यावर चालत नाही. माझी चारची गाडी. कापलेला एक गुण तो हा. गिऱ्हाईकाला गोष्टीत गुंतवून मोजणी विसरणं हा दोष अर्धा माझाही, पण गुण मी द्यायचे आहेत.

आठवड्याने अर्ध्या तिकिटावर परत गेलो. तक्रार ऐकून घेतली, वाद घातला नाही. चार कागद फुकट छापून दिले, स्पायरल उकलून मधे घातले आणि परत ओवले. जुनी भोकं आणि नवी भोकं तंतोतंत जुळवली, हे कसब आहे. या वेळी पानं मुलीने मोजली, मग त्याने मोजली, मग मी.

तर निकाल. ह्युइट ९०,५५२. हेन्री जॉर्ज ६८,११०. रूझवेल्ट ६०,४३५. पडला, पण तेवीस हजारांच्या आतच, आणि रिपब्लिकनांना तिसऱ्या नंबरवर ढकलून. समर्थक शेवटपर्यंत म्हणत राहिले की मोजणीत मतं मारली. पुरावा पुढे आला नाही, आणि ज्या पद्धतीने चिठ्ठ्या वाटल्या-मोजल्या जात होत्या त्यात तो येणंही कठीणच. १८९७ मध्ये तो त्याच पदासाठी पुन्हा उभा राहिला आणि मतदानाला चार दिवस असताना, २९ ऑक्टोबरला वारला.

"पडलो," मी मालकाच्याच बोलीत सांगितलं. त्याने मान हलवली आणि पुढच्या माणसाचा सातबारा काचेवर ठेवला. कडा बघून.

जाणाऱ्यांसाठी बारीकसारीक : दुपारी दीड ते तीन बंद, आणि ते तीन म्हणजे सव्वातीन. स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, पानाला पाच रुपये. लॅमिनेशन चांगलं, पण जुना मूळ दस्त कधीही लॅमिनेट करून घेऊ नका, कुठेच. मोठं काम पावसाळ्यात नेणार असाल तर सकाळी दहाच्या आत न्या, वीज असते. आणि पैसे देण्याआधी पानं मोजा.

परवा शेजारच्या वहिनी आधार कार्डाच्या प्रती काढून आल्या, तर त्यांच्या पिशवीत दुकानाच्या हिशेबाचा कपटा होता. '६ झे. १२ रु.' उलटा करून पाहिला तर मागे ह्युइटच्या पत्राचं अर्धं पान, वरची डावी बाजू चुरगळलेली. माझ्या प्रतीत ते पान जरा पुसट आलंय. वहिनींना विचारून कपटा ठेवून घेतला. दुसरा अर्धा अजून खिळ्यालाच असावा.